लांडगा आला रे आला : संगणकाला मिळणाऱ्या खोट्या वर्द्यांची गोष्ट

लॅपटॉपला प्रोजेक्टरची तार जोडली की क्षणभरात भिंतीवर चित्र उमटते. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागत नाही. वर्गात हे आता इतके सवयीचे झाले आहे की, तार जोडल्याचे संगणकाला कळते तरी कसे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. संगणकाला डोळे नाहीत. त्याला कळते ते एका बारीक तारेवरील विद्युतदाबावरून. त्या तारेवर दाब चढला म्हणजे पडदा जोडला गेला आणि दाब उतरला म्हणजे तो काढला गेला, असा संकेत ठरलेला आहे. ही एक प्रकारची वर्दीच होय.

आता समजा, काहीही जोडलेले नसताना या तारेवरील दाब आपोआप चढू-उतरू लागला तर? प्रत्येक वर्दीसरशी संगणक हातातले काम सोडून 'कोण आले?' ते पाहायला धावतो. पडदा लुकलुकतो, माउसचा बाण अडखळतो. काही यंत्रे तर सुरू व्हायलाच कित्येक मिनिटे घेतात. बिघाड एका तारेचा, पण वेठीला धरला जातो सगळा संगणक.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती गुराख्याच्या बाजूने. तात्पर्य काय, तर खोटे बोलू नये. पण गावकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर प्रश्न अधिक अवघड आहे. प्रत्येक हाकेला धावावे, तर शेतीची कामे पडून राहतात. एकाही हाकेला धावू नये, तर एक दिवस खरोखरच लांडगा येतो. मग गावकऱ्यांनी करायला काय हवे होते? गेली सत्तर वर्षे संगणकाचे अभियंते याच प्रश्नाचे उत्तर शोधत आले आहेत. लॅपटॉपच्या पडद्याच्या तारेने त्यांना तो नव्याने सोडवायला लावला. त्याची हकीकत येथे पाहू.

फेरी आणि हाक

अगदी सुरुवातीच्या संगणकांना हाक ऐकू येत नसे. छिद्रपट्टी वाचणारे यंत्र तयार आहे का, छापणारे यंत्र मोकळे झाले का, हे संगणकाला स्वतःच पुन्हा पुन्हा जाऊन पाहावे लागे. रात्रीचा पहारेकरी फेऱ्या मारतो तसेच हे. फेरीत खोट्या वर्दीचा त्रास नाही, कारण पहारेकरी जे आहे ते स्वतः पाहतो. पण फेऱ्या फार मारल्या तर वेळ फुकट जातो आणि कमी मारल्या तर घटना उशिरा कळते.

दुसरा मार्ग हाकेचा. शिक्षक फळ्यावर गणित सोडवीत असतात, मध्येच शिपाई सूचनावही घेऊन येतो. शिक्षक खडू ठेवतात, सूचना वाचतात, सही करतात आणि गणित जेथे थांबले होते तेथून पुढे चालू करतात. संगणकातील या सोयीला इंटरप्ट म्हणतात. हिचा पहिला मान सर्वसाधारणपणे अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९५४ साली लष्करासाठी तयार केलेल्या 'डायसॅक' या संगणकाला दिला जातो. आपण कोणत्या आज्ञेपाशी आहोत हे लक्षात ठेवणारे गणक त्यात एकाऐवजी दोन होते. बाहेरून संकेत आला की यंत्र एका गणकावरून दुसऱ्यावर जाई आणि काम झाल्यावर परत येई.

या सोयीचा धोकाही लवकरच ध्यानात आला. डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी ॲमस्टरडॅमच्या गणित संस्थेत 'एक्स-१' या संगणकासाठी इंटरप्ट हाताळणारी आज्ञावली लिहिली. १९५९ सालचा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध याच विषयावर आहे. या सोयीची आपल्याला आरंभी धास्तीच वाटली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले. कारण असे की, हाक नेमकी कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नाही. तोच प्रयोग पुन्हा केला तर हाक वेगळ्या क्षणी येते आणि आधी दिसलेली चूक नाहीशी होते. जी चूक मुद्दाम पुन्हा घडवता येत नाही, ती शोधावी कशी? पडद्याच्या खोट्या वर्द्या दुरुस्त करणाऱ्यांना पुढे अर्धशतकानंतरही हीच अडचण भेडसावणार होती.

चंद्राच्या वाटेवर

खोटे संकेत किती महागात पडू शकतात याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २० जुलै १९६९ चे आहे. अपोलो-११ चे चांद्रयान चंद्राच्या पृष्ठभागाकडे उतरत असताना त्यातील संगणकाने '१२०२' हा धोक्याचा इशारा दिला, आणि तोही अनेकदा. अर्थ असा की, कामे इतकी साचली आहेत की नवे काम मांडून ठेवायला जागा उरलेली नाही.

कामे साचण्याचे कारण एका रडारमध्ये होते. मूळ यानाशी पुन्हा भेट घेण्यासाठी असलेले हे रडार उतरताना लागणार नव्हते, तरी त्याची कोन मोजणारी जुळणी संगणकाला जोडलेलीच राहिली होती. दोन्हीकडचे वीजपुरवठे ८०० हर्ट्झचेच होते, पण त्यांच्या लहरी एकमेकींशी जुळवलेल्या नव्हत्या. त्यामुळे रडारचा अँटेना स्थिर असतानाही तो सतत हलतो आहे, असे संकेत संगणकाकडे येऊ लागले. हे काटेकोरपणे इंटरप्ट नव्हते. प्रत्येक स्पंद मोजण्यासाठी संगणक आपल्या स्मृतीचे एक आवर्तन खर्च करीत असे. पण परिणाम तोच.

याचे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. दोन कोनांचे मिळून सेकंदाला १२,८०० पर्यंत स्पंद येऊ शकत होते. स्मृतीचे एक आवर्तन ११.७ मायक्रोसेकंदांचे. गुणाकार केला तर दर सेकंदातील सुमारे ०.१५ सेकंद, म्हणजे १५ टक्के वेळ, न हलणाऱ्या अँटेनाचे हेलकावे मोजण्यात जात होता. यान उतरविण्याच्या आकडेमोडीत एवढी उसंत नव्हती.

यान तरीही सुखरूप उतरले, कारण एमआयटीच्या प्रयोगशाळेतील आज्ञावलीकारांनी आधीच एक व्यवस्था करून ठेवली होती. कामे तुंबली की संगणक स्वतःला नव्याने सुरू करी, महत्त्वाची कामे होती तेथून पुढे नेई आणि कमी महत्त्वाची सोडून देई. संकेत खोटे आहेत हे संगणकाला कळले नव्हते, पण हाकांच्या गर्दीत मुख्य काम बुडू द्यायचे नाही, एवढे त्याला शिकविलेले होते.

एकोणिसावी पिन

आता पुन्हा पडद्याकडे वळू. १९८७ साली आलेल्या व्हीजीए जोडणीत 'पडदा आला' असे सांगणारी स्वतंत्र तार नव्हती. रंगांच्या तारांवर पलीकडे ७५ ओहमचा रोध लागला आहे का, हे तपासून संगणक अंदाज बांधी. १९९४ साली पडद्याने स्वतःची माहिती संगणकाला देण्याची पद्धत प्रमाणित झाली. त्यात १२८ बाइटांचा एक तक्ता असतो. बनविणाऱ्याचे नाव, पडद्याचा आकार, कोणकोणती चित्रे दाखवता येतील, असे सारे त्यात असते. पडद्याची ही जणू जन्मपत्रिकाच.

पडदा आल्या-गेल्याची वर्दी देणारी खास तार १९९९ च्या डीव्हीआय जोडणीत मिळाली. डिसेंबर २००२ मध्ये आलेल्या एचडीएमआय जोडणीत १९ पिना असून वर्दीसाठी एकोणिसावी राखलेली आहे. रचना साधी आहे. संगणक अठराव्या पिनेवर ५ व्होल्ट देतो. पलीकडे पडदा असेल तर तोच दाब एका रोधातून एकोणिसाव्या पिनेवर परत येतो. दारावरच्या घंटेच्या मंडलापेक्षा यात फार काही अधिक नाही.

मग ही तार खोटे का बोलते? कारणे अनेक आहेत. पलीकडे काही जोडलेले नसताना तारेवरील दाब शून्यावर धरून ठेवायला योग्य रोध हवा. तो नसला, तर तार अधांतरी राहते आणि शेजारच्या तारांमधील वेगवान संकेतांची चाहूल तिच्यावर उमटते. खोबणी सैल झाली असली, तर टेबलाला धक्का लागला तरी जोड तुटतो-जुळतो. शिवाय धातूचे दोन भाग एकमेकांना भिडताना एकदाच भिडत नाहीत, काही मिलिसेकंद ते थरथरतात. आपल्याला एकदाच दाबल्यासारखे वाटणारे बटण संगणकाला अनेकदा दाबल्यासारखे दिसू शकते.

२००६ साली आलेल्या डिस्प्लेपोर्ट जोडणीत गुंतागुंत आणखी वाढली. तेथे याच तारेला दोन अर्थ दिलेले आहेत. दाब अर्ध्या ते एक मिलिसेकंदापुरता उतरून पुन्हा चढला, तर अर्थ 'मी येथेच आहे, पण मला काही सांगायचे आहे.' दोन मिलिसेकंदांहून अधिक काळ उतरलेलाच राहिला, तर अर्थ 'मला काढून टाकले.' म्हणजे निरोप आणि निरोपाचा भास यांच्यातील अंतर मिलिसेकंदांवर आले.

वर्दीचा पूर

या वर्द्या ऐकण्याचे काम ड्रायव्हर नावाची आज्ञावली करते. प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर वेगळा, आणि तोच उपकरण व संगणक यांच्यातील दुभाषी. अनेक कंपन्यांच्या ड्रायव्हरचा इतिहास बाहेरच्यांना पाहता येत नाही. पण १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्स या प्रणालीतील प्रत्येक बदल कारणासह नोंदलेला असतो आणि तो कोणालाही वाचता येतो. इंटेलच्या चित्रचिपांसाठी लिनक्समध्ये जो ड्रायव्हर आहे, त्याच्या नोंदींत आपल्या गावकऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने तयार होताना दिसते.

लिनक्समध्ये सर्वच इंटरप्टसाठी एक जुना नियम आहे. एखाद्या तारेवरून आलेल्या १,००,००० हाकांपैकी ९९,९०० हाकांना 'ही माझी' म्हणणारा कोणी नसेल, तर ती तार बिघडली असे समजून बंद करायची. पडद्याच्या बाबतीत हा नियम कामाचा नव्हता. कारण पडद्याचा ड्रायव्हर प्रत्येक हाकेला 'ही माझीच' म्हणून प्रामाणिकपणे धावत होता! हाकेला धनी होता, खोटी होती ती हाकेमागची घटना.

प्रत्येक धावेचा खर्चही लहान नव्हता. जन्मपत्रिका वाचण्याच्या तारेचा नेहमीचा वेग सेकंदाला १,००,००० बिटांचा. १२८ बाइट, प्रत्येकी पोचपावतीसह ९ बिट, म्हणजे १,१५२ बिट, म्हणजे निदान साडेअकरा मिलिसेकंद. उत्तर न आल्यास पुन्हा प्रयत्न, आणि पूर्वी तर एका दारावर टकटक झाली की सगळीच दारे उघडून पाहिली जात. अशा वर्द्या सेकंदाला शेकड्यांनी आल्या, तर संगणकाला दुसरे काही करायला वेळ कोठून उरणार?

उत्तराचा पहिला भाग २०१० साली आला. ज्या जोडण्यांवर वर्दी विश्वसनीय नाही, तेथे दर १० सेकंदांनी जाऊन स्वतः पाहायचे. जुनी फेरीच परत आली. दुसरा भाग २०१३ चा. त्या वर्षी ड्रायव्हरला हाका मोजायला शिकविले गेले. एकाच पिनेवर एका सेकंदात पाचापेक्षा अधिक वर्द्या आल्या, तर हे वादळ समजायचे. कारण माणसाने कितीही घाई केली तरी तो सेकंदाला इतक्या वेळा तार जोडून काढू शकत नाही. वादळ ओळखले की फक्त त्या पिनेची हाक बंद करायची, बाकीच्या चालू ठेवायच्या. बंद केलेल्या दारावर दर १० सेकंदांनी फेरी मारायची. आणि दोन मिनिटांनी ती पिन पुन्हा ऐकू लागायचे, कदाचित ती आता शुद्धीवर आली असेल! त्याच सुमारास, ज्या दारावर टकटक झाली तेवढेच उघडून पाहायचे, अशीही सुधारणा झाली.

पुन्हा गावाकडे चला. गावकऱ्यांनी गुराख्याचे ओरडणे मोजले असते, फार झाले तेव्हा धावणे थांबविले असते, पण दिवसातून काही वेळा कुरणावर फेरी ठेवली असती आणि काही काळाने पोराला पुन्हा संधी दिली असती, तर मेंढरे वाचली असती. या व्यवस्थेत तोटा एवढाच की, वादळाच्या काळात जोडलेला प्रोजेक्टर दहा सेकंदांपर्यंत उशिराने दिसेल. उशीर पत्करला, पण चुकामूक टाळली.

हाच तोडगा संगणकाच्या दुसऱ्या एका क्षेत्रात आधीच निघाला होता. जाळ्यावरून येणाऱ्या संदेशांच्या हाका इतक्या वाढल्या की ते वाचायलाच वेळ उरत नाही, या अवस्थेचा अभ्यास मोगुल आणि रामकृष्णन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. त्यांचाही उपाय असाच होता: शांततेच्या काळात हाक, गर्दीच्या काळात फेरी. तेथे हाका खऱ्या होत्या, पडद्याच्या खोट्या. पण कान देणाऱ्याची दमछाक सारखीच.

स्वतःच हाक मारणारा

सर्वांत नवलाची खोटी वर्दी मात्र बाहेरच्या तारेवर नव्हे, तर लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर सापडली. नव्या लॅपटॉपमधील आतला पडदादेखील डिस्प्लेपोर्टच्याच एका प्रकाराने जोडलेला असतो, म्हणून त्यालाही वर्दीची तार असते. वीज वाचावी म्हणून ड्रायव्हर या पडद्याचा वीजपुरवठा काम नसताना बंद करतो. वीज गेली की काही पडद्यांच्या वर्दीच्या तारेवरील दाब उतरतो. ड्रायव्हरला वाटते, पडदा काढला गेला! पाहायला जायचे तर पडद्याला वीज द्यायला हवी. वीज दिली, पडदा जागेवरच असल्याचे पाहिले, वीज बंद केली. दाब पुन्हा उतरला, पुन्हा वर्दी. हे चक्र संपणारच नाही. आपल्याच पावलांच्या आवाजाला दचकून मागे वळून पाहणाऱ्या माणसासारखी ही स्थिती झाली.

येथे मोजणीपेक्षा साधी समज उपयोगी पडली. लॅपटॉपचा आतला पडदा कोणी वापरता वापरता उपटून काढीत नाही. तेव्हा या दारावरची 'मला काढून टाकले' ही लांब वर्दी सरळ दुर्लक्षिली तरी चालते. २०१४ च्या सुमारास ड्रायव्हरमध्ये हे लिहिले गेले, आणि हे चक्र कसे तयार होते याची टीपही पुढच्यांसाठी आज्ञावलीत ठेवली गेली.

सहा मिनिटे

तरीही प्रश्न मिटला नव्हता. २०१८ साली एका ग्राहकाची तक्रार आली. सुमारे ३० सेकंदांत सुरू होणारा त्याचा संगणक प्रणाली अद्ययावत केल्यानंतर सहा मिनिटांहून अधिक वेळ घेऊ लागला होता. यंत्रात जीएम४५ ही २००८ सालची, लॅपटॉपसाठी बनविलेली चिपजोडी होती. तपासात आढळले की, डिस्प्लेपोर्टच्या खोबणीला काहीही जोडलेले नसताना तेथून आखूड वर्द्यांचा पाऊस पडत होता. मोजणीचा २०१३ चा नियम अस्तित्वात होता, पण तोवर झालेल्या बदलांत आखूड वर्द्या त्या मोजणीच्या बाहेरून जात होत्या. फाटकावर पहारा होता, पण ही गर्दी दुसऱ्याच वाटेने आत येत होती.

मग आखूड वर्द्याही मोजायच्या ठरले, पण एकाच मापाने नव्हे. लांब वर्दीला १० गुण आणि आखूड वर्दीला १ गुण, मर्यादा ५०. मात्र एका खोबणीतून अनेक पडदे चालविण्याची सोय असलेल्या यंत्रांत आखूड वर्द्या खरोखरच पुष्कळ येतात, म्हणून तेथे त्या मोजायच्या नाहीत. तीच गोष्ट एका ठिकाणी रोगाचे लक्षण, तर दुसऱ्या ठिकाणी निरोगी व्यवहार.

यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. यंत्र दहा वर्षांचे होते आणि त्याची तार नव्याने बिघडली होती, असे मुळीच नाही. जुन्या आज्ञावलीने जी वर्दी निमूटपणे पचवली, तिच्यामागे नवी आज्ञावली धावू लागली, एवढेच. जुनी यंत्रे 'हळू झाली' म्हणून आपण मोडीत काढतो. शाळांच्या वाट्याला तर बहुधा अशीच यंत्रे येतात. त्यांपैकी एखादे वयाने नव्हे, तर न येणाऱ्या पाहुण्याच्या स्वागताला सतत उठल्यामुळे थकलेले असू शकते, आणि काही ओळींच्या दुरुस्तीने त्याचा वेग परत येऊ शकतो.

दोन चुका

खोट्या वर्द्या गाळण्याचा उत्साह वाढला की उलट चूक संभवते. ड्रायव्हर वर्दीनंतर जाऊन पाहतो आणि 'पूर्वी जोडलेला होता, आताही जोडलेला आहे, म्हणजे काही घडले नाही' असे ठरवितो. पण लॅपटॉप निद्रावस्थेत असताना कोणी एक पडदा काढून दुसरा जोडला असेल तर? स्थिती तीच, पडदा मात्र निराळा. ही चूक टाळण्यासाठी २०२० साली लिनक्समध्ये प्रत्येक जोडणीमागे एक गणक ठेवण्यात आला. नुसती स्थितीच नव्हे, तर जन्मपत्रिका बदलली तरी त्याचा आकडा वाढतो. हजेरीला नुसता 'हजर' हा आवाज ऐकून भागत नाही, हजर असलेला मुलगा तोच आहे ना हेही पाहावे लागते, हे शिक्षकांना सांगायला नको.

खोट्याला खरे मानणे आणि खऱ्याला खोटे मानणे या दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. एक कमी करायला गेले की दुसरी वाढते. पाच वर्द्या, दहा सेकंद, दोन मिनिटे हे आकडे निसर्गाचे स्थिरांक नव्हेत. ते माणसांनी अनुभवाने केलेले तडजोडीचे करार आहेत. धुराची सूचना देणारी यंत्रे, रोगाच्या चाचण्या, वादळाचे इशारे, सगळीकडे असेच करार असतात.

वरच्या वर्गांत याचा एक सोपा प्रयोग करता येईल. एका विद्यार्थ्याने टाळीने वर्दी द्यायची, कधी खरी, कधी खोटी. दुसऱ्याने लेखी नियम ठरवायचा: किती टाळ्यांपर्यंत उठून पाहायचे, कधी थांबायचे, किती वेळाने फेरी मारायची, पुन्हा विश्वास केव्हा ठेवायचा. तिसऱ्याने दोन रकाने करून दोन्ही प्रकारच्या चुका नोंदवायच्या. नियम बदलून हेच तीन-चार वेळा केले की मुलांच्या ध्यानात येईल की हाक ही बातमी नव्हे. हाक एवढेच सांगते की जाऊन पाहा. बातमी पाहिल्यानंतर तयार होते.